लिफ्ट केली, फेंडर कापला, तरी टायर घासतोच: जिप्सीत आधी काय मोजायचं

पावसाळा तोंडावर आला की मला हा एकच प्रश्न चार-पाच जणांकडून येतो, गाडी कधी जिप्सी, कधी जुनी जीप, पण वाक्य तेच: "दादा, मोठे टायर टाकले, लिफ्ट करून गाडी दोन इंच उचलली, तरी घासतंय, आता तीन इंच करू का?" नका करू. निदान हे वाचल्याशिवाय नका करू, कारण याच चक्रात माझी दोन वर्षं आणि बराच पैसा गेलाय, आणि शेवटी दोष निघाला तो अशा जागी जिथे मी, मेकॅनिक, कोणीच बघितलं नव्हतं.

माझी गाडी जिप्सी किंग, १.३ लिटरचं इंजिन, पुढे-मागे दोन्हीकडे सरळ अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. मूळ टायर २०५/७० आर १५ (रुंदी २०५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंची). मी इंदूरला सुदामा नगरात राहतो आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन खंडवा रोडने निघायचं, सिमरोल ओलांडून चोरलच्या बाजूला नाहीतर महूकडून जानापावला, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. तिथे दोन प्रकारचा त्रास असतो, एक म्हणजे नदीच्या पात्रातले गोलगोल गोटे, ज्यावर अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जाऊन बसतो, आणि दुसरी आपली माळव्याची काळी माती, जी एका पावसात टायरच्या खाचा अशी भरून टाकते की टायर गुळगुळीत होतो. म्हणून मी २३५/७५ आर १५ टाकायचं ठरवलं, आणि तो निर्णय आजही मला बरोबरच वाटतो. चुकलं ते त्याच्यापुढचं सगळं.

टायर बसवले त्याच दिवशी गल्लीत गाडी वळवताना फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, खर्र आवाज. वर्कशॉपवाला म्हणाला, "भिया, दो इंच उठा दो, सब क्लियर." मग त्याने लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावल्या. गाडी उंच दिसायला लागली, आवाज थोडा कमी झाला, पण बायपासवर ६०-६५ला स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि वळणानंतर स्वतःहून सरळच होईना. मग शॅकल काढून पाट्यात एक जादा पट्टी टाकली, तर गाडी बैलगाडीसारखी कडक झाली, खड्ड्यात एक चाक हवेतच राहायचं, आणि चार-पाच महिन्यांत पाटे बसले, घासणं परत सुरू. मग ग्राइंडरने फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कड कापली. त्यानंतर एक महिना शांतता आणि मग चोरलला पात्रातून वर चढताना डाव्या बाजूने असा आवाज आला की मागे बसलेली माझी मुलगी घाबरून रडायलाच लागली, उतरून बघतो तर टायरच्या खांद्याचा रबराचा तुकडा निघालेला. फक्त डावीकडे. उजवीकडे नुसती चमक होती, जखम नव्हती.

हे डावं-उजवं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

माझे काका पोलोग्राउंडला एका मशीन शॉपमध्ये आयुष्यभर टर्नर होते, आता रिटायर आहेत. ते घरी आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "अरे, चाक वर किती येतं ते मोजलंस का कधी?" मी म्हटलं लिफ्ट दोन इंच आहे. ते म्हणाले, "ते गाडी उभी असताना. मी विचारतोय दाबल्यावर."

या एका प्रश्नात सगळं उत्तर आहे, म्हणून इथे जरा सावकाश जातो. आपण लिफ्ट करतो तेव्हा उभ्या गाडीत टायर आणि फेंडरमधली जागा वाढते, ती डोळ्याला दिसते, आपण मूठ घालून बघतो आणि खूश होतो. पण खड्ड्यात किंवा दगडावर चाक वर जातं तेव्हा ते कुठे थांबतं? ते पाट्यावर थांबत नाही, शॉकअपवरही थांबायला नको, ते थांबतं बंप स्टॉपवर, म्हणजे चेसिसखाली जो रबराचा ठोकळा असतो त्यावर. तुम्ही शॅकल लांब करा, पाट्याला जास्त कमान द्या, पट्टी टाका, काहीही करा, बंप स्टॉप जिथे होता तिथेच असेल तर पूर्ण दबलेलं चाक बिन-लिफ्टच्या गाडीत जिथे जायचं अगदी तिथेच जाणार. आणि टायर मात्र मोठा झालाय. २०५/७० आर १५चा व्यास हिशोबाने ६६८ मिमी, २३५/७५ आर १५चा साधारण ७३३, म्हणजे त्रिज्या ३३ मिमी वाढली, तर टायरचा माथा फेंडरच्या ३३ मिमी जवळ आला, आणि लिफ्टने त्यातलं एक मिलिमीटरही परत दिलेलं नाही. तीन इंच लिफ्ट केली असती तरी दिलं नसतं. फक्त तिथपर्यंत पोचायला चाकाला जास्त प्रवास करावा लागला असता, म्हणून घासणं कमी वेळा झालं असतं, आणि आपल्याला वाटलं असतं की झालं काम. म्हणूनच ही तक्रार परत परत येते.

आता मोजायचं कसं. काकांनी आईकडून कणकेचा एक गोळा मागून घेतला. आधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घेतलं (जमिनीपासून घेऊ नका, त्यात टायर आणि हवा दोन्ही मिसळतात आणि काहीच कळत नाही), मग पुढच्या दोन्ही बाजूंना बंप स्टॉपच्या खाली अॅक्सलवर, तो जिथे टेकतो तिथे, कणकेचे जाडसर गोळे चिकटवले, वर प्लॅस्टिकची पिशवी लावली, व्हील आर्चच्या (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या) आतून खडू घासला, आणि गाडी कॉलनीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटच्या बांधावर तिरकी चढवली, पुढचं डावं चाक वर, मागचं उजवं वर. मग स्टिअरिंग एका बाजूला फुल, नंतर दुसऱ्या बाजूला फुल. नंतर हेच उलट, पुढचं उजवं चाक वर घेऊन. कणीक शेवटी जेवढी जाड उरते तेवढी जागा बाकी होती, आणि खडू जिथे पुसला गेला तिथे टायर लागला. हे दोन्ही एकत्र वाचायचे. खडू पुसलाय आणि कणीक अजून जाड आहे, म्हणजे बंप स्टॉप टेकायच्या आधीच टायर लागतोय. कणीक पूर्ण चपटी आणि खडू शाबूत, तर तुमची गाडी ठीक आहे, काहीही करू नका.

तिरकी का चढवायची तर दोन्ही चाकं एकदम दबली की अॅक्सल सरळ वर जातो, पण एकच चाक वर आणि दुसरं खाली लटकलेलं असेल तेव्हा अॅक्सल तिरपा होतो, बंप स्टॉप आतल्या बाजूला आणि टायर बाहेरच्या टोकाला, त्यामुळे तो जास्त वर उचलला जातो, शिवाय त्याचा माथा आत झुकतो. खरं घासणं तिथेच होतं. गॅरेजात जॅकवर सरळ दाबून बघितलेलं माप इथे उपयोगाचं नाही.

माझ्या गाडीत उजवीकडे कणीक साधारण बोटभर उरलेली आणि खडू पुसलेला. डावीकडे कणीक बाजूने सगळी बाहेर आलेली, आणि काकांनी वर हात घालून चाचपलं तर बंप स्टॉपचं रबरच नव्हतं! फक्त त्याची लोखंडी वाटी शिल्लक होती, कडा चकाकत होत्या, आत रबराचे भुगा झालेले दोन तुकडे. म्हणजे डावं चाक उजव्यापेक्षा जवळपास एक इंच जास्त वर जात होतं, आणि शेवटी लोखंड लोखंडावर आपटत होतं. दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या लोकांनी पाटे खोलले, एकानेही ते सांगितलं नाही. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, कारण या गाडीत मी मुलांना घेऊन फिरत होतो.

उपाय असा केला. दोन्ही बाजूंना नवीन रबरं घातली, मग परत तीच चाचणी केली, तर बंप स्टॉप टेकायच्या २० मिमी आधी टायर लागत होता. त्यात १० मिमी सुटीचे धरले आणि काकांनी ओळखीच्या मशीन शॉपमधून ३० मिमी जाडीचे लोखंडी ठोकळे करून आणले, बंप स्टॉप आणि चेसिसच्या मध्ये बसवले, बोल्ट लांब आणि हाय टेन्साइलचे, म्हणजे जास्त ताण सोसणारे. आता चाक ३० मिमी आधी थांबतं. पण मग वर जायचा प्रवास ३० मिमीने कमी झाला, गाडी लवकर ठोकर खाणार, बरोबर? इथे लिफ्टचं खरं काम येतं. गेलेला तो ३० मिमी प्रवास परत मिळवायला गाडी साधारण तेवढीच उचलायची, मी पाटे नवीन घेऊन ४० मिमी उचलली. म्हणजे लिफ्ट किती हे टायर ठरवतो, बंप स्टॉपमार्फत, शेजारच्याची गाडी किती उंच दिसते त्यावरून नाही ठरत. हा क्रम उलटा केला की माझ्यासारखं होतं.

पण सगळं घासणं बंप स्टॉपचं नसतं, त्यामुळे आधी कधी घासतं ते नीट ऐका. सपाट रस्त्यावर, हळू, फुल लॉकला घासत असेल तर लिफ्टचा संबंधच नाही, ती आडवी जागा आहे. टायरची आतली बाजू पाट्याला लागतेय का बाहेरची कड बंपरच्या टोकाला आणि फेंडरच्या खालच्या कोपऱ्याला, हे खाली झोपून बघा, पाट्यावर काळी चमकदार रेघ दिसेलच. आतून लागत असेल तर नकलवरचा (अॅक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागावरचा) स्टिअरिंग स्टॉपचा बोल्ट दोन-तीन आटे बाहेर काढा, दोन्ही बाजूंना सारखा, वळायला जागा थोडी जास्त लागेल पण आवाज जाईल. बाहेरून लागत असेल तर रिम बघा. लोक बाहेर फाकलेले अलॉय टाकतात, रुबाब येतो, पण टायर जितका बाहेर तितका तो वळताना मोठा गोल फिरतो आणि नेमका बंपरच्या टोकाला जाऊन लागतो. २३५ आधीच २०५पेक्षा ३० मिमी रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला १५, त्यात रिम २५ मिमी बाहेरची घेतली की बाहेरची कड ४० मिमी सरकली. शिवाय बेअरिंगवर जोर वाढतो आणि सगळा चिखल दाराच्या हँडलपर्यंत उडतो. २३५/७५ला निदान ६ इंची रिम हवी, मूळ अरुंद रिमवर तो नीट बसत नाही, पण रुंदी घ्या आणि ऑफसेट (रिम तिच्या मध्यापासून किती आत-बाहेर बसते ते माप) मूळच्या जेवढा जवळ ठेवता येईल तेवढा ठेवा.

मागून, सरळ चालताना, फक्त माणसं आणि सामान भरल्यावर घासतं? तर मागचे पाटे बसलेत. मोजलेलं माप लिहून ठेवलं असेल तर लगेच कळतं. सहा महिन्यांनी परत मोजा आणि १० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर पाटे बघा. लोहाराकडे तापवून ठोकून कमान वाढवलेले पाटे मी तरी परत घेणार नाही, टेंपर, म्हणजे पोलादाचा ताठपणा, जातो आणि ते बसतातच.

शॅकलबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण सगळ्यात स्वस्त म्हणून तीच आधी विकली जाते. शॅकल २ इंच लांब घेतली की गाडी २ इंच नाही, साधारण १ इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि जिप्सीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते, ती लांब झाली की अॅक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा सायकलच्या पुढच्या काट्यासारखा मागे झुकलेला कोन, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. तो गेला की स्टिअरिंग भरकटतं, थरथरतं, मग लोक बॅलन्सिंग करतात, अलाइनमेंट करतात, थरथर शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर टाकतात, आणि मूळ रोग तसाच राहतो. पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये तिरक्या पाचरी घालून कॅस्टर परत आणता येतो, पण मला विचाराल तर लांब शॅकल नकोच. लिफ्टनंतर स्टिअरिंग व्हील वाकडं दिसतं ते ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरपी झाल्यामुळे, ती अॅडजस्ट होते, पण फारच तिरपी झाली तर प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हाताला झटका देतं, आणि तेव्हा समजायचं की लिफ्ट गरजेपेक्षा जास्त झाली.

अजून तीन गोष्टी, आणि यात तडजोड नको. गाडी जॅकवर उचलून चाकं पूर्ण लटकू द्या आणि ब्रेकचा रबरी पाइप बघा, ताणला जात असेल तर लांब पाइप लागेलच, आज नाही तर उद्या तो एखाद्या उतारावर दगा देईल. त्याच अवस्थेत शॉकअप पूर्ण ताणला गेलाय का आणि चाक वर दाबल्यावर बंप स्टॉपच्या आधी शॉकअप तर तळाला लागत नाही ना, हेही. आणि मागची प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या अॅक्सलला ताकद पोचवणारा फिरता दांडा), लिफ्टनंतर वेगात सीटखाली गुणगुण सुरू झाली तर तिचा कोन बिघडलाय.

आता टायर कुठला. खडकात अडकणारा डिफरन्शियल लिफ्टने एक मिमीही वर जात नाही, अॅक्सल जमिनीपासून किती उंच हे फक्त टायर ठरवतो, व्यास वाढला त्याच्या निम्मा. लिफ्टने पोट, बंपर आणि पुढचा-मागचा कोन सुधारतो. त्यामुळे चोरलच्या गोट्यांसाठी टायर आधी. ज्यांना घरच्यांना घेऊन जानापाव, जामगेट, मांडू एवढंच करायचंय त्यांनी २१५/७५ आर १५ घ्यावा, त्रिज्या १८ मिमीच वाढते, बंप स्टॉपचं रबर नवीन घाला, कणकेची चाचणी करा, बहुतेक लिफ्ट लागणारच नाही. माझ्यासारखं जरा जास्त करायचं तर २३५/७५ आणि वर सांगितलेलं काम. ३१ इंची टायर जिप्सी किंगला मूळ गिअरवर मी तरी लावू देणार नाही. व्यास जवळपास १८ टक्के वाढतो, इंजिन जेमतेम ८० हॉर्सपॉवरचं, घाटात दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, ब्रेक मूळचेच, आणि गाडी अरुंद असल्याने आडव्या उतारावर कलंडायची भीती वाढते ती वेगळीच. २३५लाही जवळपास १० टक्के फरक पडतो, काटा ६० दाखवतो तेव्हा हिशोबाने गाडी ६६च्या आसपास असते, आणि १०० किलोमीटर चाललात तर मीटरमध्ये ९१ दिसतात, म्हणून अॅव्हरेज कमी झालं असं लगेच समजू नका, आधी हे दुरुस्त करून भागाकार करा.

काळ्या मातीसाठी रुंदीपेक्षा खाचा महत्त्वाच्या. जवळजवळ खाचांचा एटी (ऑल टेरेन) टायर आमच्याकडे जुलैत दहा मीटरमध्ये भरतो, एमटीच्या (मड टेरेन) मोकळ्या खाचा माती फेकून देतात, पण त्यासाठी चाक थोडं जोरात फिरवावं लागतं. जिप्सी हलकी आहे, कच्च्यात मी १८ पीएसआयपर्यंत हवा उतरवतो आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरतो, कंप्रेसर गाडीतच असतो. हो, आणि स्टेपनी त्याच मापाची घ्या, पंक्चरनंतर जुना २०५ लावून फोर बाय फोरमध्ये चालवलं तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि दोन्ही अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढायला लागतात.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इन्शुरन्सवालाही क्लेमच्या वेळी हेच बघतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्समध्ये विचारा, नंतर नाही.

माझी गाडी आता चौदा महिने याच सेटिंगवर आहे. दोन पावसाळे झाले, डाव्या आर्चमधला खडू मी प्रत्येक ट्रिपच्या आधी लावतो आणि परत आल्यावर बघतो, अजून तरी पुसलेला नाही.

तुमचं घासत असेल तर विचारताना एवढं सांगा: जुनं आणि नवीन टायरचं माप, रिमची रुंदी आणि ऑफसेट, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही मापं, बंप स्टॉपचं रबर हाताने चाचपून आहे की नाही, आणि कणीक किती उरली. फोटो काढाल तर गाडी तिरकी चढवून, फुल लॉकमध्ये, आर्चच्या आतला काढा. सपाट जमिनीवर सरळ चाकाचा फोटो बघून मला काहीच सांगता येत नाही.